भिंगकाका आणि दानाच्या पावत्या

भिंगकाकांचा धंदा लोकांचे टॅक्सचे फॉर्म भरून द्यायचा, आणि स्वभाव कुणावरही विश्वास न ठेवायचा. आता ही दोन्ही एकाच माणसात आल्यावर काय होतं ते त्यांच्या गिऱ्हाइकांना विचारा. फॉर्म बिनचूक भरला जायचा, नोटीस कधी यायची नाही, पण तो भरून होईस्तोवर आपणच कुठेतरी दरोडा घालून आलोय असं भल्या माणसाला वाटायला लागायचं.

त्यांचं ऑफिस म्हणजे चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली. जिना लाकडी आणि इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर खालच्याने थांबायचं. खोलीत एक टेबल, एक लोखंडी कपाट, दोन खुर्च्या. खालून चामड्याचा आणि गोंदाचा वास दिवसभर वर यायचा. टेबल खिडकीशी अशा बेताने लावलेलं की येणारं गिऱ्हाईक जिन्याला लागायच्या आत काकांना दिसावं. वर येताना माणूस खिसे चाचपतो का, कागद पुन्हा काढून बघतो का, हे त्यांना आधीच कळलेलं बरं वाटायचं. टेबलावर घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं एक भिंग असायचं. त्यातून ते प्रत्येक पावतीचा शिक्का, शाई, नंबर बघायचे. म्हणूनच अख्ख्या गल्लीने त्यांचं नाव भिंगकाका ठेवून दिलं. पाळण्यातलं नाव बहुधा त्यांच्या बहिणीलाच ठाऊक असेल, आणि तीही त्यांना नुसतं ‘अरे’ म्हणायची.

डॉक्टरच्या, विम्याच्या पावत्या ते एकवेळ पटकन सोडून देत. दानाची पावती पुढे आली की मात्र यांच्या मनात पाल चुकचुकलीच.

“का दिलंत?” हा पहिला प्रश्न.

“म्हणजे? द्यावंसं वाटलं म्हणून दिलं.”

“वाटलं. बरं. कुणी सांगितलं होतं?”

कोपऱ्यावरच्या बेकरीच्या मालकीणबाईंनी एकदा निराधारांसाठी ब्लँकेटं घेऊन दिली होती. काकांनी त्यांना ब्लँकेटंच का, स्वेटर का नाही, दुकानदार तुमच्या नात्यातला का, असं विचारून विचारून शेवटी रडवलं. बाई म्हणाल्या, “मला नको ती सूट, पण माझी पावती परत द्या.” त्यानंतर त्या दुसऱ्याकडे जायला लागल्या. काकांना काडीचं वाईट वाटलं नाही. उलट, गेली म्हणजे काहीतरी असणारच, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

बरं, दर वेळी ते चुकत असते तरी परवडलं असतं. पण एका दातांच्या डॉक्टरांच्या दानाच्या दोन पावत्या भिंगाखाली धरून त्यांनी विचारलं, “डॉक्टर, हिवाळ्यातल्या पावतीचा नंबर उन्हाळ्यातल्या पावतीच्या अगदी लगेच पुढचा कसा हो? मधल्या महिन्यांत दुसऱ्या कुणी दिलंच नाही?” आणि डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. त्या एका डॉक्टरामुळे पुढे शंभर सरळ माणसांना ताप झाला. संशयी माणूस एकदा बरोबर निघाला की त्याला आवरणं कठीण असतं.

या सगळ्याला एकच अपवाद होता, त्यांची ताई. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. आई लवकर गेली आणि ताईने टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी करून धाकट्याला शिकवलं, वाढवलं. आता ती निवृत्त होऊन पेन्शनवर होती. एकाच इमारतीत खाली ती, वर हे. जेवण तिच्याकडे. ताईचा स्वभाव याच्या अगदी उलट. भाजीवाल्याने सुटे नाहीत म्हटलं की “राहू द्या, उद्या द्या,” म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. काका चिडायचे, “तुला कुणीही फसवेल.” ती म्हणायची, “फसवू दे. तुझ्यासारखं रात्रंदिवस जागं राहण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.” सगळ्या गल्लीत काकांबद्दल चांगलं बोलणारं माणूस ते एवढंच. आणि काकांनाही, खरं सांगायचं तर, तिच्या मताखेरीज कुणाच्या मताची पर्वा नव्हती.

गेल्या काही वर्षांत ताई एका संस्थेत जायला लागली होती. आजारी माणसांना कुबड्या, व्हीलचेअर, वरखाली होणारे पलंग असलं सामान घरी वापरायला फुकट द्यायचं आणि गरज संपली की परत आणायचं, हे संस्थेचं काम. ताई तिथे चाकांना तेल घालायची, परत आलेलं सामान पुसायची, कोठीची किल्ली सांभाळायची आणि पेन्शनीतून दर महिन्याला थोडे पैसेही द्यायची. वर्षाच्या शेवटी पावती आणून भावापुढे टाकायची. ही एकच दानाची पावती भिंगाविना फॉर्ममध्ये जायची.

यंदा फॉर्म भरायचे दिवस आले तशी ताई पदराला हात पुसत वर आली आणि म्हणाली, “अरे, यंदा माझी वजावट नको घेऊस. क्रेडिट घे.”

काकांच्या हातातलं पेन थांबलं. टॅक्समधला ट सुद्धा ठाऊक नसलेली ही बाई! नवा नियम याच वर्षी आला होता. दान दिलं असेल तर जुन्या पद्धतीने वजावट घ्या नाहीतर नवं क्रेडिट घ्या, दोन्हीपैकी एकच. तो नियम ते स्वतः आत्ता कुठे वाचत होते.

“क्रेडिट म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुला?”

“नाही. तू सांग ना.”

सांगायला काका आवडीने बसले. “हे बघ, तू बटाटे घ्यायला गेलीस. दुकानदाराने नासके काढून टाकले आणि उरलेले तोलले. ही वजावट. तू दान दिलेले शंभर तुझ्या उत्पन्नातून आधीच काढायचे आणि उरलेल्या उत्पन्नावर टॅक्स लावायचा. आता दुसरा दुकानदार. तो सगळे बटाटे तोलतो, बिल करतो आणि मग बिलातूनच वीस कमी करतो. हे क्रेडिट. उत्पन्नाला हात लावायचा नाही, टॅक्स काढायचा आणि दानाच्या शंभराला वीस या हिशेबाने टॅक्समधूनच वजा करायचे.”

“मग फरक काय पडला? कमी ते कमीच.”

“तिथेच तर मेख आहे. माझ्याकडे फॉर्म भरायला येतो तो बिल्डर तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. त्याने शंभर दिले आणि वजावट घेतली तर त्याचे तीस वाचतात. तू पाच टक्क्यांत. तू तेच शंभर दिलेस तर तुझे वाचतात पाच. क्रेडिटमध्ये मात्र त्यालाही वीस, तुलाही वीस. म्हणून तो वजावट सोडणार नाही, आणि तू...” काका अडखळले.

“आणि मी क्रेडिट घ्यायचं. बाई तेच म्हणाल्या.” ताई बोटांवर आकडे मोजत म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं बिल्डरच्या शंभराला सरकार जास्त मान द्यायचं म्हण की!”

“क्रेडिटलाही मर्यादा आहे,” काका घाईने म्हणाले. “तुला टॅक्स जेवढा बसतो त्याच्यापुढे सूट मिळत नाही. वरचे पैसे हातात येत नाहीत, पुढच्या वर्षी ओढता येतात.” त्यांनी भराभरा आकडे मांडले. बरोबर होतं. ताईचा टॅक्स पुरेसा होता, क्रेडिट पुरतं बसत होतं, आणि फायदा वजावटीच्या चौपट होता.

हिशेब चुकला असता तर काकांना बरं वाटलं असतं. तो जुळला तिथेच त्यांचं बिनसलं.

“ह्या बाई कोण?”

“संस्था चालवतात त्या. पूर्वी नर्स होत्या. त्यांनी फळ्यावर लिहून आम्हा सगळ्यांना समजावलं. छोट्या देणगीदारांनी क्रेडिट घ्या, म्हणाल्या. आणि हो, पुढच्या आठवड्यात तू माझ्याबरोबर तिकडे चल. तुझ्याकडे काम आहे त्यांचं.”

“माझ्याकडे? कसलं?”

“ते बाईच सांगतील. चांगलं काम आहे. नाक मुरडू नकोस,” असं म्हणून ताई हसत खाली गेली.

काका तसेच बसून राहिले. कुठेतरी पाणी मुरत होतं. संस्थेने दान घ्यावं, पावती द्यावी, आभार मानावेत. देणाऱ्याच्या टॅक्सची एवढी काळजी कशाला? आणि फॉर्म भरणाऱ्या माणसाकडे त्यांचं काम कसलं? खोट्या पावत्या विकणाऱ्या संस्थांबद्दल त्यांनी ऐकलं होतं. शंभराची पावती फाडायची, नव्वद मागच्या दाराने परत द्यायचे, दहा स्वतः ठेवायचे. तीस टक्केवाल्याचे दहा गेले, तीस वाचले, वीस खिशात. अशा धंद्याला एक टॅक्सवाला हाताशी लागतोच. म्हणजे ताईच्या भोळेपणाचा धागा धरून ही बाई आपल्यापर्यंत पोचायला बघतेय! असा विचार मनात आला आणि मग कुठे त्यांना बरं वाटलं. आता सगळं नीट जुळत होतं.

ताईला विचारलं असतं तर तिने दोन वाक्यांत सांगितलं असतं. पण विचारून ऐकलेलं खरं धरायचं, ही सवयच नव्हती. ताईबरोबर जायच्या आधीच एकटं जाऊन बाईला रंगेहाथ पकडायचं असं त्यांनी ठरवलं.

संस्था एका जुन्या गॅरेजमध्ये होती. भिंतीवर कुबड्या उंचीप्रमाणे टांगलेल्या, कोपऱ्यात व्हीलचेअर एकात एक सरकवून ठेवलेल्या. एक म्हातारा जमिनीवर फतकल मारून एका खुर्चीच्या चाकातून केसांचा गुंता ओढून काढत होता. सगळीकडे फिनेलचा वास. काकांनी नजर फिरवली. पंखा जुना, टेबलाचा पाय तुटून खाली वीट लावलेली. गरिबीचं सोंग बरं वठवलंय, त्यांनी मनात म्हटलं.

बाई साठीच्या, आखूड केसांच्या, बोलायला शांत. काकांनी खोटं नाव सांगितलं आणि ते मुद्द्यावर आले. “माझ्याकडे एक मोठे देणगीदार आहेत. त्यांना भरपूर मोठी पावती हवी आहे. चेक पूर्ण रकमेचा देतील. तुम्ही शंभराला दहा ठेवून घ्यायचे, नव्वद रोख परत.”

बाईंनी मान तिरकी केली. “म्हणजे त्यांना दान करायचं नाहीये?”

“दहा करतायत की! तुम्हाला फुकटचे दहा, त्यांना वजावट. कुणाचं काय जातंय?”

“हे तुम्ही आणखी कुठे करता?”

वा, वा! मासा गळाला लागत होता. काका पुढे सरकून, आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, माझा धंदाच तो. माझी बरीच गिऱ्हाइकं अशीच आहेत.” हे धडधडीत खोटं होतं, पण बोलताना त्यांना मोठी गंमत वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच ते चोराच्या खुर्चीत बसले होते आणि भूमिका छान जमत होती.

“थांबा जरा,” म्हणत बाई उठल्या. काकांना वाटलं, आतून कुणा भागीदाराला आणणार. बाईंनी आणलं ते चाक दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला. तो हातातला पाना न ठेवताच येऊन उभा राहिला.

“यांना दारापर्यंत सोडा,” बाई म्हणाल्या. “आणि पुन्हा ही व्यक्ती आवारात दिसली तर मी पोलिसांना बोलावणार आहे. ऐकलंत ना? इथे लोक स्वतःच्या औषधाचे पैसे वाचवून देतात हो. लाज कशी वाटत नाही तुम्हाला!”

आणि गंमत बघा, काकांना आनंद झाला. इतका निखळ आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. बाई खरी होती! संस्था खरी होती! ताईला कुणी फसवलेलं नव्हतं! ते हात पसरून हसत सुटले. “अहो बाई, मानलं तुम्हाला! मी परीक्षा घेत होतो. मी ताईंचा भाऊ. टेलिफोनवाल्या ताई. टॅक्सचं काम करतो तो मीच.”

बाईंचा राग क्षणात विझला, आणि त्याच्या जागी जे आलं ते काकांनी ओळखलं, कारण ते रोज त्यांच्याच चेहऱ्यावर असायचं.

“ताईंचा भाऊ,” बाई सावकाश म्हणाल्या. “मग नाव खोटं का सांगितलंत?”

“परीक्षा होती ना!”

“पकडले गेल्यावर सगळेच परीक्षा घेत असतात.”

काकांनी खिशातून स्वतःचं कार्ड काढून दिलं. त्यामुळे ते ताईंचे भाऊ होते एवढंच सिद्ध झालं. सरळ होते हे कशानेच झालं नाही. बाई कार्ड उलटसुलट करत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमचे हिशेब तपासायला माणूस हवाय. ताईंनी तुमचं नाव सुचवलं होतं. म्हणाल्या, माझा भाऊ स्वतःच्या सावलीकडेसुद्धा पावती मागेल, पण इकडचा पैसा तिकडे करणार नाही. त्यांच्या शब्दावर आम्ही सगळे तयार होतो. तुम्ही पुढच्या आठवड्यात यायचे होतात ते त्यासाठी.”

काका टेबलावर पुढे वाकले. “बाई, तुम्ही माझ्या गिऱ्हाइकांना विचारा...”

“कोणाला? बरीच गिऱ्हाइकं अशीच आहेत, असं तुम्हीच म्हणालात ना आत्ता?” त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. “ताईंच्या पावत्यासुद्धा आता मला पुन्हा बघाव्या लागतील. कोठी त्यांच्याकडे असते, तीही. त्यांच्यावर माझा काही संशय नाही हो. पण कळल्यावर न बघता कसं चालेल, सांगा तुम्हीच.”

बाईंच्या जागी ते असते तर त्यांनी हेच केलं असतं, आणि एवढ्या सभ्यपणे नक्कीच केलं नसतं.

घरी यायला त्यांनी लांबचा रस्ता धरला, पोचेस्तोवर रात्र झाली. ताईला कसं सांगायचं याची वाक्यं मनात जुळवत आले. पण बाईंचा फोन आधीच आला होता. ताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती. जेवण झाकून ठेवलेलं.

“किल्ली देऊन आले,” ती म्हणाली. “तपासून होईपर्यंत येऊ नका म्हणाल्या. चांगल्या शब्दांत म्हणाल्या, पण म्हणाल्या. तो चाकवाला म्हातारा आहे ना, माझ्याकडे बघेचना.”

“ताई, अगं ते नाटक होतं! तुला कुणी फसवू नये म्हणून...”

“मी तुला म्हटलं होतं मला फसवतायत म्हणून?”

“नाही, पण...”

“मग?”

काकांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बटाट्यांपासून दहा-नव्वदपर्यंत. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच जाणवत होतं, की एवढा तपशील खऱ्या माणसाला ठाऊक असायचं कारण नाही. आणि मग ताईने जे विचारलं ते आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

“त्या बिल्डरच्या पावत्या खऱ्या असतात ना रे?”

“ताई!”

“नाही, विचारतेय आपली. तीस वाचतात, दहा जातात, हे तू किती भराभर सांगितलंस.”

“अगं, मी जन्मात असलं काही केलेलं नाही. शप्पथ.”

“शपथा नकोत,” ताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती त्याच्याकडे बघतच राहिली, एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तशी. “मला हे असं बघायला आवडत नाहीये. पण एकदा मनात आलं ते जातच नाहीये बघ. तुझं असं रोज होतं का रे? कसा जगतोस तू?”

काकांना रडू येत होतं. रडलो तर तेही खोटंच दिसेल, असं वाटून त्यांनी ते गिळलं.

पुढे तपासणी झाली. ताईच्या पावत्या अर्थातच चोख निघाल्या, कोठीतलं सामान जिथल्या तिथे सापडलं, आणि बाई स्वतः येऊन किल्ली देऊन गेल्या. ताई पुन्हा चाकांना तेल घालायला जायला लागली. काकांचं नाव मात्र पुन्हा कुणी काढलं नाही. हिशेब तपासायला दुसरा माणूस मिळाला. काकांचं जेवण ताईकडे चालूच राहिलं, आणि तिने त्यांना त्यावरून कधी टोचून बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं, इतकं ते जेवण गप्प होत गेलं.

फॉर्म भरायची मुदत जवळ आली तसं काकांनी हात धुता धुता अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुझे कागद देतेस ना? क्रेडिट घालून टाकतो.”

“माझा फॉर्म यंदा संस्थेतलाच माणूस भरणार आहे,” ताई भांडी आवरत म्हणाली. “सगळ्यांचेच भरतोय तो.”

कोण माणूस, कुठला, काय घेतो, हे सगळे प्रश्न काकांच्या जिभेवर आले आणि त्यांनी ते दाताखाली दाबून धरले. नव्या माणसाने सवयीने वजावट घातली तर ताईचं नुकसान होईल, एवढंच त्यांना डाचत होतं. शेवटी राहवलं नाही.

“त्याला एवढं सांग हं, तुझ्यासाठी वजावट नको, क्रेडिटच. शंभराला वीस. आणि टॅक्सपेक्षा जास्त झालं तर उरलेलं पुढच्या वर्षी ओढायचं, ते सोडून द्यायचं नाही.”

ताईने हातातलं भांडं खाली ठेवलं. वळून तिने क्षणभर भावाकडे बघितलं आणि विचारलं, “यात तुझा काय फायदा?”

“काही नाही गं,” काका म्हणाले. ते अगदी खरं होतं, आणि तरी ऐकताना त्यांना स्वतःलासुद्धा ते लबाडाचं उत्तर वाटलं.